चार सिलिंडर, तीन सिलिंडर आणि खंडाळ्याचा घाट

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुमचं गाडीच्या इंजिनाशी काय काम? काम आहे. ‘ओझं’, ‘जोर’, ‘ताकद’ हे शब्द आपण रोज वापरतो. हे शब्द नीट वेगळे व्हायला माणसाला दोन हजार वर्षं लागली. आणि ते वेगळे न केल्यामुळे घाटात आजही माणसं मरतात. त्यामुळे आज एक लहान गाडी घेऊ, तिच्यात पाच माणसं बसवू, टपावर सामान बांधू आणि तिला खोपोलीहून लोणावळ्याला चढवू. ती चढते हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. कशी चढते, हा प्रश्न.

सुरुवात अॅरिस्टॉटलपासून करतो. त्याच्या ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात जहाज ओढणाऱ्या माणसांचं उदाहरण येतं. पुष्कळ माणसं मिळून जहाज काही अंतर ओढतात. मग एकट्या माणसाने त्याच वेळात त्या प्रमाणात थोडंसं अंतर ओढायला हवं, नाही का? अॅरिस्टॉटल म्हणतो, तसं होत नाही. एकटा माणूस जहाज हलवूच शकणार नाही. निरीक्षण अगदी खरं आहे. शंभर जणांनी शंभर हात ओढलेलं जहाज एकटा माणूस एक हातसुद्धा ओढत नाही. म्हणजे जोराला एक उंबरठा असतो, त्याच्या खाली सगळा जोर फुकट.

याला उत्तर दिलं आर्किमिडीजने. प्लुटार्कने कथा सांगितली आहे की त्याने माणसांनी आणि मालाने भरलेलं जहाज कप्प्यांच्या मदतीने बसल्या जागेवरून, फारसे कष्ट न करता ओढून दाखवलं. कथेत मीठमसाला किती, तो भाग सोडा. तत्त्व बरोबर आहे. एकटा माणूस जहाज हलवू शकतो, अट एवढीच की त्याने दोर खूप लांब ओढावा आणि जहाज थोडंसंच सरकावं. जोर वाढवून घ्या, अंतर सोडून द्या. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे हेच आहे, दुसरं काही नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिन भरपूर फिरतं, चाक कमी फिरतं, आणि ते जे ‘कमी फिरणं’ आहे त्याच्या बदल्यात चाकाला जोर मिळतो.

आता मधली शतकं ओलांडून एकदम अठराव्या शतकाच्या शेवटाला येऊ. जेम्स वॅटला आपली वाफेची यंत्रं विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचं, हे किती घोड्यांचं काम करील? त्याने हिशोब बसवला: एक घोडा म्हणजे मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं. आपल्या मापात सांगायचं तर साधारण ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर. बघा, यात वेळ आली. किती वजन, किती उंच आणि किती वेळात. शेवटचा प्रश्न अॅरिस्टॉटलच्या उदाहरणातही आहे, पण त्याला नाव आणि माप मिळालं ते वॅटच्या दुकानात.

आणि १८२९ मध्ये गास्पार कोरिओली या फ्रेंच अभियंत्याने ‘कार्य’ या शब्दाला आजचा अर्थ दिला: जोर गुणिले अंतर. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३० मध्ये, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण मला हा योगायोग फार आवडतो. तिकडे पॅरिसमध्ये एकजण चढणाऱ्या वस्तूचं गणित मांडतो आहे, आणि इकडे सह्याद्रीत, जिथे तोवर मालाची वाहतूक मुख्यत्वे बैलांच्या पाठीवरून व्हायची, तिथे पहिल्यांदा चाकं चढायला लागतात.

चाकं आली की ओझ्याचा प्रश्न नव्या रूपात येतो. पाठीवरच्या ओझ्याला जनावर स्वतःच मर्यादा घालतं, ते बसतं. गाडी बसत नाही. गाडीत आणखी एक पोतं टाकता येतं. मग घाटाच्या तोंडाशी बैलांची जादा जोडी जुंपायची. रेल्वेने तेच केलं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तिचा जास्तीत जास्त चढ सदतिसास एक. तुम्ही पुण्याला जाणाऱ्या गाडीत कर्जतला वडा खाल्ला असेल. ती गाडी तिथे थांबते ती वड्यासाठी नव्हे. मागून ढकलणारी इंजिनं लावायला थांबते, आजसुद्धा. त्यांना बँकर म्हणतात. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांत घाटाचं उत्तर बदललेलं नाही: चढापुरती जादा जोडी लावा.

मोटारगाडीला ही सोय नाही. तिला स्वतःची जादा जोडी स्वतःबरोबरच न्यावी लागते. ती जोडी म्हणजे खालचा गिअर.

आता ‘लहान गाडी’ म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द आपण समजतो तितका सरळ नाही. लहान गाडी ही अभियंत्यांपेक्षा करखात्याने जास्त घडवली आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड कर आला. पण ती अश्वशक्ती मोजायची कशी, तर सिलिंडरचा व्यास आणि त्यांची संख्या यांवरून, सूत्राने. पिस्टन वरखाली किती सरकतो, ते सूत्रात नव्हतंच. मग कारखानदारांनी काय करावं? सिलिंडर अरुंद आणि लांब केले! ऑस्टिन सेव्हन ही १९२२ ची गाडी, तिच्या नावातला सात हा आकडा त्या करातलाच. या अरुंद-लांब इंजिनांना फार वेगात फिरणं जमत नसे, पण कमी फेऱ्यांवर ती चांगली ओढायची. म्हणजे कर वाचवण्याच्या खटाटोपातून घाट चढण्याचा एक गुण पदरात पडला. जपानमध्ये पुढे ३६० सीसी, मग १९७६ पासून ५५० सीसी अशी लहान गाड्यांची सरकारी मर्यादा होती. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरहून कमी लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांचं उत्पादन शुल्क उतरवलं, तेव्हापासून बऱ्याच गाड्यांची शेपटी कापल्यासारखी दिसते. त्यामागचं कारण तुम्हाला आता कळलं असेल.

तर आपल्या दोन गाड्या. पहिली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला बनायची. प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढली. आणि याच वालचंदांनी त्याआधी टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये असताना बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम केलं होतं. ज्या माणसाने घाट पोखरला त्याच्याच कारखान्यातल्या गाड्या पुढे त्या घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहायच्या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. त्याचा मूळ आराखडा १९३७ च्या फियाटचा, दांते जाकोसा या अभियंत्याचा. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं इंजिन विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत खंडाळा चढत होतं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या तर २०२३ पर्यंत होत्या.

दुसरी मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. लोक तेव्हा हसले होते, हे मला चांगलं आठवतं. काड्यापेटी म्हणायचे. आमच्या एका मामांची फियाट होती, ते म्हणायचे, ही घाटात ढकलावी लागेल. आता मामांचं म्हणणं आपण तपासू.

फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५. मारुतीचा व्यास ६८.५, चाल ७२. भागाकार करा. फियाटचा एक सिलिंडर २७२ सीसीचा, मारुतीचा २६५. जवळजवळ एकच! म्हणजे मारुती ही एक सिलिंडर काढून टाकलेली फियाट आहे, असं म्हणायला हरकत नाही. आता वजन. रिकामी फियाट साधारण ९०० किलो, रिकामी मारुती साधारण ६५०. दर सिलिंडरमागे फियाटला २२५ किलो, मारुतीला २१७. म्हणजे रिकाम्या गाडीत मारुतीचा सिलिंडर थोडा सुखीच आहे. मामा हरले.

पण थांबा. आता माणसं बसवा. पाच जण, सरासरी ६५ किलो, झाले ३२५. वर ७५ किलो सामान. एकूण ४०० किलो ओझं. फियाट झाली १३०० किलोची, सिलिंडरमागे ३२५. मारुती झाली १०५० ची, सिलिंडरमागे ३५०. बाजी उलटली. ओझं दोन्हीकडे तेच आहे. पण फियाटला ते स्वतःच्या वजनाच्या ४४ टक्के आहे आणि मारुतीला ६२ टक्के. हलकं असण्याचा फायदा लहान गाडीला रिकामी असतानाच मिळतो. जितकी गाडी हलकी, तितकं तुमचं ओझं तिला जास्त जाणवतं. ‘एका पेटीने काय होतंय’ हे वाक्य मोठ्या गाडीत जितकं खरं असतं तितकं लहान गाडीत नसतं.

आणि आपल्याकडे ती पेटी असतेच. पुण्याचा माणूस मे महिन्यात कोकणात जातो तो हलका उतरतो आणि चढताना आंब्याच्या पेट्या, तांदूळ, वर दोन फणस घेऊन येतो. घाटाच्या दृष्टीने याहून वाईट व्यवस्था कोणी ठरवून केली नसती.

तर १०५० किलोची गाडी. समजा चढ पंधरास एक आहे, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. गाडीला मागे खेचणारा जोर झाला ७० किलोचा. टायर रस्त्यावर लोळतात त्याचे आणखी चौदा-पंधरा किलो धरा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जायचं तर लागणारी ताकद किती? नऊ-साडेनऊ अश्वशक्ती. बास! मारुतीच्या इंजिनाची पूर्ण ताकद ३७ च्या पुढे आहे. चौथ्या हिश्शात काम होतंय. मग गाडी रडते का?

कारण ते ३७ घोडे इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेऱ्या मारत असेल तेव्हाचे. ताकद ही इंजिनाजवळ गाठोड्यासारखी ठेवलेली नसते. ती फिरण्यातून येते. हेच इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर असेल तर पाय दाबून धरलात तरी वीस-एकवीस अश्वशक्तीच देणार. आता तुम्हाला ताशी साठने चढायचं आहे, हवेचा विरोधही आला, तर लागतात बावीसच्या आसपास. तुम्ही चौथ्या गिअरमध्ये आहात, इंजिन अडीच हजारांवर आहे. एक-दोन घोडे कमी पडले. वेग थोडा उतरतो. वेग उतरला की फेऱ्या उतरतात, फेऱ्या उतरल्या की ताकद आणखी उतरते. मग गाडी थरथरते, इंजिन ठोके द्यायला लागतं, आणि चालवणारा म्हणतो, गाडी ओढत नाही. गाडी ओढेल, तिला तिसऱ्यात टाका. वळण खडं असेल तर दुसऱ्यात. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात. कमी फेऱ्यांवर पूर्ण पाय दाबून इंजिन रेटणं हेच त्याला जास्त मारक. आवाज चढला म्हणजे इंजिनाला त्रास होतो, हा समज माणसाच्या ओरडण्यावरून आलेला आहे. इंजिन ओरडत नाही, ते फिरतं.

जुन्या ड्रायव्हरांना हे गणित येत नव्हतं, पण हे त्यांना कानाने आणि पायाच्या तळव्याने कळायचं. वेग पडायच्या आधी, वळणाच्या अलीकडे, ते गिअर उतरवायचे. आज गाडी आपोआप गिअर बदलते, तेव्हा ते ज्ञान गाडीत गेलं आणि माणसातून निघून गेलं. मला याचं दुःख वगैरे नाही. पण एका ठिकाणी याची किंमत पडते, तिकडे येतोच.

त्याआधी उष्णता. खोपोली ते लोणावळा चढाई साडेपाचशे मीटरची धरा. आपलं पूर्ण बिऱ्हाड एवढं वर उचलायला लागणारं पेट्रोल जवळजवळ पाऊण लिटर. कार्य एवढंच. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकाच्या कामाला येतो, तीन हिस्से उष्णता होऊन जातात: काही धुराड्यातून, काही रेडिएटरमधून. सपाटीवर समोरून वारा भरपूर असतो. घाटात काम जास्त, वारा कमी. फियाटचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. म्हणजे तुम्ही हट्टाने वरच्या गिअरमध्ये इंजिन मंद फिरवलंत की पंखाही मंद आणि पाण्याचा पंपही मंद. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं म्हणून उलट थंड राहायचं. हे सांगितलं तर कोणाला पटायचं नाही. मग पाण्याचे कॅन, पेट्रोल पंपावर ओलं फडकं (पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची, गाडी बंद पडायची), आणि शिंगरोबाच्या देवळापाशी सक्तीची विश्रांती. शिंगरोबा म्हणजे ज्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली असं सांगतात तो. चालक तिथे नाणं टाकतात. इंजिनालाही तेवढीच पाच मिनिटं मिळतात, हे काही वाईट नाही.

मारुतीचा पंखा विजेवर चालणारा, पाणी तापलं की आपोआप सुरू होणारा. त्यामुळे घाटात उभ्या गाड्यांचं ते दृश्य हळूहळू गेलं. मारुतीची अडचण वेगळी. तिला पुढची चाकं ओढतात. मागे तीन माणसं, त्यांच्या मागे सामान, वर चढ, म्हणजे पुढची चाकं हलकी. पावसात खड्या वळणावर थांबून परत निघताना चाक जागच्या जागी फिरतं. फियाटला मागची चाकं ढकलायची, तिथे ओझं उपयोगी पडायचं. एकाच ओझ्याने एका गाडीची पकड वाढते आणि दुसरीची जाते.

आता उतार. माझ्या मते आजच्या विषयाचं मर्म इथे आहे, आणि लोक नेमकं इथेच निर्धास्त होतात. चढताना जेवढं कार्य तुम्ही केलंत, पाऊण लिटर पेट्रोलमधून मिळवलेलं, ते सगळं आता गाडीत साठलेलं आहे, उंचीच्या रूपात. उतरताना ते परत द्यावं लागतं. किती आहे ते? सतरा लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी उष्णता. थोडा वाटा हवा आणि टायर घेतात. उरलेली जाणार कुठे? ब्रेकमध्ये. चढताना इंजिनाला रेडिएटर होता, पंखा होता, पाणी होतं, काट्यावर तापमान दिसत होतं. ब्रेकला यातलं काही नाही. लहान गाडीचे ब्रेकही लहान, आणि ६२ टक्के जादा वजन त्यांनाही धरायचं आहे. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइलने पाणी शोषलेलं असेल तर त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. तापलेलं इंजिन वाफ सोडून ओरडून सांगतं. ब्रेक शेवटपर्यंत काही सांगत नाहीत.

म्हणून जुना नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तेव्हा चाकं इंजिनाला फिरवतात आणि ती उष्णता इंजिन आपल्या अंगावर घेतं. आणि यावर आपल्याकडचा उपाय कोणता? न्यूट्रल! पेट्रोल वाचतं म्हणून. ट्रकवाले करतात, त्यांचं बघून लहान गाडीवालेही करतात. घाटात ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांची बातमी आपण वर्षानुवर्षं वाचतो. मघाशी जी किंमत म्हणालो ती ही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तर गिअरमध्ये उतरताना, पाय काढलेला असला, की पेट्रोलचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे जे वाचवायला जीव धोक्यात घातला तेही वाचत नाही.

वेळ होत आला. चिठ्ठ्या आल्या आहेत, दोन घेतो.

पहिली: नॅनोचं काय? नॅनो ६२४ सीसी, दोन सिलिंडर, गाडी ६०० किलोची. आपलं ४०० किलोचं बिऱ्हाड बसवलं की झाली हजार. दर शंभर सीसीला १६० किलो. तेच मारुतीला १३२, फियाटला ११९. तीही घाट चढते, दुसऱ्या गिअरमध्ये, वेळ देऊन.

दुसरी: घाटात एसी बंद करावा का? लहान इंजिन असेल तर करा. कॉम्प्रेसर इंजिनाचेच दोन-तीन घोडे घेतो. मघाशी चौथ्या गिअरमध्ये जे एक-दोन कमी पडत होते, ते आठवा. वर लोणावळ्याला पोचलात की लावा, तोपर्यंत काचा उघड्या ठेवा. आणि ज्यांच्याकडे विजेची गाडी आहे त्यांनी उतरायच्या आधी बॅटरी पूर्ण भरू नये. उतारावर मोटर उलटी चालून ऊर्जा परत घेते, पण बॅटरीत जागा असेल तरच. जागा नसेल, तर ती सतरा लिटर पाण्याची उष्णता पुन्हा ब्रेककडेच जाणार.